मालकानं बेल्ट लावायचा नसतो

गाड्यांची परीक्षणं मी बरीच वर्षं लिहितो आहे. आधी दिसणं, मग पळणं आणि सगळ्यात शेवटी सुरक्षितता, असा क्रम ठरलेला असतो. शेवटचा भाग कुणी वाचत नाही. हे मला वाचकांच्या फोनवरून कळतं. सनरूफ आहे का, मागं तिघं ऐसपैस बसतील का, गावात नेली तर खालून घासेल का, असं लोक विचारतात. एअरबॅगबद्दल आपणहून विचारणारा एकच माणूस मला आजवर भेटला, आणि त्याला त्या काढून टाकता येतील का हे विचारायचं होतं. त्या उगाच फुटतात असं त्याच्या पाहुण्यानं त्याला सांगितलं होतं.

बीड जिल्ह्यात बसून लक्झरी सेडानबद्दल लिहायचं हा मुळात चेष्टेचाच विषय. माझ्या दारात मोटरसायकल उभी असते, तिचंही मी वेळेवर सर्व्हिसिंग करत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या शोरूमवाले चालवायला म्हणून एक दिवस गाडी देतात, मी ती पिटाळून परत करतो आणि रविवारच्या पुरवणीत लिहितो. लोक मला हसायचे, एक माझा थोरला भाऊ सोडून. सिरसाळ्यात त्याचं खता-बियाण्यांचं दुकान होतं, आणि अलीकडे तो राजकारणातही शिरला होता. दुकानात बसलेल्या लोकांना तो माझी परीक्षणं मोठ्यानं वाचून दाखवायचा. "आमचा बारका लिवतो," असं आधी सांगायचा. मला ते ऐकून लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

एक दिवस त्यानं फोन केला. "मला तसली गाडी घ्यायची हाय. तू चल पुण्याला."

तसली म्हणजे परदेशी कंपनीची, मधल्या आकाराची सेडान, वापरलेली. नवी आपल्या खिशाला झेपणार नाही, हे त्याला कळत होतं. मी खूश झालो. पहिल्यांदाच माझ्या ज्ञानाचा घरात उपयोग होणार होता. पुण्यात आम्ही बऱ्याच गाड्या बघितल्या. दादाची परीक्षणाची पद्धत माझ्यापेक्षा वेगळी होती. तो गाडीत बसायचा, दार उघडून उतरायचा आणि मला म्हणायचा, "बघ, उतरताना कसा दिसतो." सेडान बुटकी असते, तिच्यातून उतरताना माणसाला वाकावं लागतं. हे त्याला खटकलं. "पुढारी वाकून उतरला तर लोकांला वाटंल, मतं मागायला आला." मग त्यानं आधी पाय बाहेर टाकायचा, दाराला धरून सरळ उभं राहायचं, असा सराव तिथल्या तिथं केला. विकणारा माणूस तोंड फिरवून हसत होता. मीही हसलो.

शेवटी जी गाडी घेतली ती पांढरी होती. काळी गाडी ठेकेदाराची वाटते, असं त्याचं म्हणणं. मला विचाराल तर ती देखणी होती. लांब बॉनेट, मागं हळूच उतरत गेलेलं छत, बारीक दिवे, आणि क्रोमचा चकचकाट जिथं हवा तेवढाच. आत बदामी चामडं होतं आणि डॅशबोर्डवर खऱ्या लाकडाची पट्टी. दादानं त्या लाकडावरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "सागवान हाय का?"

परत येताना मीच चालवली. बेल्ट लावल्याशिवाय किल्ली फिरवणार नाही असं म्हटल्यावर दादानं कुरकुरत बेल्ट लावला. गाडी आम्हा दोघांनाही अबोल करून गेली. इंजिनचा आवाज आत येत नव्हता, वारा येत नव्हता. समोरच्या ट्रकला ओलांडायला पायाचा थोडा भार दिला की ती पुढं जाऊन मोकळी व्हायची. मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर ती जमीन सोडत नव्हती, आणि ब्रेक असा की पोटातलं पाणी हलू नये. दादा एरवी गाडीत झोपणारा माणूस, पण त्या दिवशी खिडकीबाहेर बघत जागा राहिला. मध्येच म्हणाला, "आपला बाप बैलगाडीतून परळीला जायचा, आठवतं का?" मी हो म्हणालो. त्या प्रवासाइतका आनंद आम्हा भावांना मोठेपणी एकत्र असा दुसरा झाला नाही.

सिरसाळा जवळ आलं तसा दादानं बेल्ट काढला. वेशीत माणसं हार घेऊन उभी होती. बेल्ट सुटल्याबरोबर गाडी ओरडायला लागली. आधी हळू, मग जोरात, मग थांबेचना. "हिला गप कर बे," दादा म्हणाला. मी म्हणालो, बेल्ट लावलास की गप होते. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याला भर चौकात टोपी काढायला सांगितली. गाडी ओरडत ओरडतच वेशीतून आत आली, दारात उभी राहिली. वहिनीनं चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला.

आता बेल्टचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यापाशीच येऊन अडतं. दादा पांढरे कपडे घालायचा. आमच्याकडे पुढाऱ्याचे कपडे नुसते पांढरे असून चालत नाहीत, ते कडक लागतात. परळीच्या वीज केंद्राची राख उडत येते, दोरीवर वाळत घातलेला सदरा दुपारपर्यंत राखाडी होतो, त्यामुळं वहिनी त्याचे कपडे घरात वाळवायची, खळ घालायची आणि सकाळी उठून स्वतःच्या हातानं इस्त्री करायची. धोब्याचं काम तिला पसंत नव्हतं. सीट बेल्ट लावला की अशा सदऱ्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरपी घडी पडते. माणूस गाडीतून उतरतो तो चुरगळलेला उतरतो. दादाला हे चालणारं नव्हतं.

पण खरं कारण त्याहून खोल होतं, आणि ते त्यानंच एकदा मला सांगितलं. "बेल्ट ड्रायव्हरनं लावायचा असतो. मालकानं न्हाई. मी पट्टा लावून पुढं बसलो, तर लोक म्हणतेल, गाडी ह्याची न्हाई, हा कुणाचा तरी माणूस हाय." स्वतःच्या ड्रायव्हरला मात्र त्यानं बेल्टची सक्ती केली होती. हा ड्रायव्हर दुकानाच्या टेम्पोवर असल्यापासून घरातलाच, पन्नाशीला आलेला माणूस. बेल्ट लावलेला ड्रायव्हर गाडीत दिसला की मालकाची शान वाढते, असा दादाचा हिशेब. ड्रायव्हर बिचारा अंगणातून गाडी गेटपर्यंत काढायची असली तरी बेल्ट लावायचा.

गाडी आल्यावर थोड्याच दिवसांत वहिनी आणि दादा परळीला सीट कव्हर घ्यायला गेले. बदामी चामड्यावर राख बसते म्हणून पांढरी टर्किश टॉवेलची कव्हरं घेतली. दुकानदारानं त्यासोबत चार क्लिपा फुकट दिल्या. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बेल्टच्या टोकाला जी लोखंडी जीभ असते, तशीच ही क्लिप असते, फक्त तिला बेल्ट नसतो. ती खाचेत बसवली की गाडीला वाटतं, माणसानं बेल्ट लावला. ती ओरडायची थांबते. माणूस मोकळाच्या मोकळा बसलेला असतो.

त्या संध्याकाळी वहिनीचा फोन आला. ती खुशीत होती. "भाऊजी, गाडी गप झाली की. मीच बसवली त्यांच्या शीटला. एवढीशी तर हाय." मी म्हणालो, दादाला फोन दे. दादाला मी ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "तू लई वाचतोस." मी पुढच्याच रविवारी गेलो, क्लिप उपटून खिशात घातली. त्याच्या पुढच्या वेळी गेलो तर दुसरी. ती काढली तर तिसरी. परळीत त्या चणे-फुटाण्यासारख्या मिळतात. शेवटी आमच्यात तो खेळच होऊन बसला. मी गेलो की दादा वहिनीला हाक मारायचा, "चोर आला गं, क्लिपा लपीव." आणि सगळे हसायचे.

मधल्या काळात मी त्या गाडीवर सविस्तर लिहिलं. इतकं मन लावून मी दुसऱ्या कुठल्याही गाडीवर लिहिलं नसेल. दादानं ते दुकानात वाचलं, मी तिथं होतो. दिसण्याबद्दलचं त्यानं दोनदा वाचलं. घाटातल्या वळणांचं वाचताना आवाज चढवला. धडक बसली तर समोरचा भाग चेपून मार शोषून घेतो, बसायची जागा शाबूत राहते, बेल्ट आणि एअरबॅग मिळून माणसाला धरून ठेवतात, असा शेवटचा परिच्छेद आला तेव्हा त्यानं पेपरची घडी घातली. "पुढचं नेहमीचंच हाय," तो लोकांना म्हणाला. मग चहा आला.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण लांबवून सांगायची माझ्यात ताकद नाही. परळीहून लग्न आटोपून दादा परत येत होता. सोबत फक्त ड्रायव्हर. दिवेलागणीची वेळ, समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड डोळ्यांवर, आणि रस्त्यात राखेचा टिपर बंद पडून उभा. मागं ना दिवा, ना दगड, ना झाडाची फांदी. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, गाडी जेवढी थांबायची तेवढी थांबली, आणि उरलेल्या वेगानं टिपरच्या मागच्या बाजूवर गेली. मला फोन आला तेव्हा नुसतं लागलंय म्हणून सांगितलं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दादाला पांढऱ्या चादरीत गुंडाळून ठेवलेलं होतं. ड्रायव्हर बाकावर बसला होता, हात मोडलेला, कपाळाला पट्टी. मला बघून तो उठून उभा राहिला. तो उभा राहू शकतो याचाच मला त्या क्षणी राग आला.

नंतर कागदपत्रांसाठी पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा आवारात गाडी होती. मी तिच्याभोवती फिरलो. बॉनेट पार काचेपर्यंत गोळा झालं होतं. पण त्याच्या मागं, बसायच्या जागेत, काही म्हणजे काही झालं नव्हतं. चारही दारं उघडत होती. लाकडाची पट्टी जागेवर होती. दोन्ही एअरबॅगा उघडून लोंबत होत्या. ड्रायव्हरचा बेल्ट लोकांनी त्याला बाहेर काढताना कापलेला दिसत होता. समोरची काच डाव्या बाजूला फुटलेली होती, आणि दादाचा बेल्ट दाराशेजारच्या खांबात गुंडाळलेला, कोरा करकरीत, शोरूममधून आल्यासारखा. खाली खाचेत क्लिप होती. मी लाल बटण दाबलं, ती उडून सीटवर पडली. मी जे जे लिहिलं होतं ते सगळं त्या गाडीनं करून दाखवलं होतं, शब्द न शब्द. मी तिथं उभा राहून दादाला शिव्या दिल्या. मेलेल्या भावाला, मोठ्यानं. एक पोलीस लांबून बघत होता.

दहाव्यापर्यंत घरात माणसांची रीघ होती. मी ओसरीवर बसून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो, बेल्ट नव्हता, म्हणून गेला. लोक मान हलवायचे. "तेवढंच आयुष्य होतं," म्हणायचे. "वेळ आल्यावर पट्टा काय करतो?" काहींनी वेगळंच काढलं. गाडीच फसवी होती, पुण्यावाल्यांनी गळ्यात मारली. आणखी काहींनी त्याच्याही पुढं मजल मारली. एअरबॅग उघडूनही मालक गेला आणि ड्रायव्हरला नुसता हात मोडण्यावर भागलं, हे कसं? त्यानं ऐनवेळी गाडी आपल्या बाजूनं वळवून घेतली असणार. "स्वतःला वाचवलं बेट्यानं." ही गोष्ट दोन दिवसांत गावभर झाली. ड्रायव्हर दहाव्याला आला, गळ्यात हात बांधलेला, आणि गेटपाशीच बसून राहिला. त्याला कुणी आत बोलावलं नाही, पाणी विचारलं नाही. बेल्टचं मी सांगत होतो, पण ते कुणाला नको होतं. बेल्ट फारच साधा होता. एवढा मोठा माणूस एवढ्या साध्या गोष्टीनं जाईल हे कुणाला पटत नव्हतं.

त्याच दिवशी दादाचा एक राजकारणातला दोस्त मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमचं गाड्यातलं लई ज्ञान हाय. ह्याच्यापेक्षा जास्त एअरबॅगाची कोणती घ्यावी?" मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेलो. दार उघडल्यावर पुढच्या सीटच्या खाचेत क्लिप दिसली. त्यानं सदऱ्याचा मागचा भाग नीट सरकवला, चुरगळू नये म्हणून जपून बसला आणि मला हात जोडले. गाडी गप होती. त्या घडीला माझ्यातलं काहीतरी विझलं ते परत पेटलेलं नाही. त्यानंतर मी एकही परीक्षण लिहिलं नाही. पुरवणीवाल्यांनी दोनदा विचारलं, मग विचारायचे थांबले.

वहिनीला मी यातलं काही बोललो नव्हतो. बाहेर ओसरीवर बेल्ट बेल्ट म्हणून घसा कोरडा करणारा मी, ती जवळपास दिसली की विषय बदलायचो. क्लिप कुणी बसवली हे मला माहीत होतं. बेल्टनं माणूस वाचतो हे तिला कळलं, तर पुढचं तिचं तिला कळायला वेळ लागणार नव्हता. म्हणून गाडी फसवी होती, ड्रायव्हरनं स्वतःला वाचवलं, ह्या गावाच्या कंड्या माझ्या सोयीच्या होत्या. त्यांच्यापायी ड्रायव्हरचं काम गेलं, गावात त्याला कुणी गाडी चालवायला देईना, हे मला दिसत होतं. दहाव्यानंतर मी बेल्टचं बोलणंच सोडलं. एका माणसाला वाचवायला दुसऱ्याला खड्ड्यात राहू द्यावं लागतं, अशी मी मनाची समजूत घातली होती.

वर्षश्राद्धाच्या आधी मी सिरसाळ्याला गेलो. वहिनी एकटीच होती, सोप्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मीही समोर बसून फोडायला लागलो. थोड्या वेळानं ती म्हणाली, "भाऊजी, गाडी खराब हुती का?"

मी म्हणालो, "हो. खराबच निघाली."

"तुमी तर बघून घेतलती."

"मलाही फसवलं त्यांनी."

"मग ड्रायव्हर कसा वाचला?"

"नशीब असतं एकेकाचं."

ती शेंगा फोडायची थांबली. "तुमी एवढ्या गाड्यांचं लिवलं. कवा नशिबाचं लिवलं का त्यात?"

तिनं हातातली टरफलं झटकली.

"मी त्याला बोलावलतं," ती म्हणाली. "ड्रायव्हरला. मागच्या दारानं आलता, पुढून यायला घाबरतो. म्हणला, बाई, मला पट्टा होता, मालकाला न्हवता. एवढंच म्हणला, दुसरं काई न्हाई. रडत हुता. ती क्लिप मी बसवली, हे त्याला म्हाईत न्हाई. तुमाला म्हाईत हाय."

"वहिनी, क्लिपचा काही संबंध नाही."

"खट करून आवाज आलता," ती म्हणाली. "मला लई बरं वाटलं तवा. सदरा मोडायचा न्हाई आता, आसं वाटलं." मग ती सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "गावाला काय सांगायचं ते सांगा. मला खरं सांगा. पट्टा आसता तर वाचले आसते का?"

आयुष्यभर लोकांनी मला गाड्यांबद्दल विचारलं आणि मी फाडफाड उत्तरं दिली. त्या आवारातली गाडी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. उघडणारी दारं, शाबूत सीट. पुन्हा एकदा नाही म्हणायला मी तोंड उघडलं, पण ती इतकी टक लावून बघत होती की खोटं तोंडातच राहिलं.

"हो," मी म्हणालो. "वाचला असता."

तिनं मान हलवली. रडली नाही. फोडलेले दाणे एका वाटीत भरले, टरफलं सुपात गोळा केली.

"बरं," ती म्हणाली. "म्हंजी आता मला हे रोज उठल्या उठल्या म्हाईत आसणार."

खरं बोलल्यानं मन हलकं होतं म्हणतात, पण त्या सोप्यात तसं कुणाचंच झालं नाही. ड्रायव्हरला तिनं दुसऱ्या दिवसापासून दुकानात कामाला घेतलं, पुढच्या दारानं यायला सांगितलं, एवढं भलं झालं. पण तिच्याकडं बघितलं की मला वाटतं, खोटं बोलायचंच होतं तर ते मी पहिल्याच वेळी नीट, तिला पटेल असं बोलायला हवं होतं. तेवढंसुद्धा मला जमलं नाही, आणि आता ते कधीच जमण्यासारखं नाही.